हातांची राखण

कारखान्यातल्या मामांनी थापी उकळत्या साबणात बुडवली, बाहेर काढून तिरकी धरली आणि म्हणाले, "बाई, आता बघा." थापीवरचा पिवळसर साबण क्षणभर थबकला आणि पापुद्र्यासारखा सरकन घसरला. मागे लोखंड जवळजवळ कोरडं राहिलं. "चिकटून बसला असता तर अजून वेळ होता. हा झाला." मग त्यांनी निवलेला एक चुरा जिभेच्या टोकाला लावला, थुंकून टाकला आणि मान हलवली. "नाही झोंबत."

मी प्रयोगशाळेत उतरले. त्याच साबणाचे दहा ग्रॅम गरम अल्कोहोलमध्ये विरघळवले, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. फिकट गुलाबी रंग चढला. ब्युरेटमधून ॲसिड थेंब थेंब सोडत गेले आणि दहाव्या थेंबाच्या आसपास गुलाबी रंग गेला. मोकळं कॉस्टिक ०.०२ टक्के. आमची मर्यादा ०.०५ होती. मामांची जीभ आणि माझी ब्युरेट यांचं उत्तर एकच निघालं. साल १९७९, नोकरीचा दुसरा आठवडा.

साबणाचं रसायन शाळेच्या पुस्तकातही असतं. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र उकळले की साबण होतो आणि ग्लिसरीन सुटतं. पण ज्या कॉस्टिकला तेल भेटत नाही ते तसंच वडीत राहतं, आणि मग ते हात शोधतं. ही एवढी गोष्ट मला मामांच्या त्या थुंकण्यातून कळली. पदवी घेऊन आले होते, पण आपण मोजतोय ते कुणासाठी, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

हात मात्र मी लहानपणापासून बघत आले होते. आजी भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी वापरायची. राखेत अल्कली असते आणि ती तेलकटपणाला भिडते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. राख चाळून घ्यायची, ओली किती करायची, पितळेला चिंच लावायची, हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक होतं. केसांना शिकेकाई, रेशमी लुगड्याला रिठा. रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो हे मी पुढे शिकले. रेशमाला सोडा चालत नाही, रिठा चालतो, हे ती आधीपासून जाणत होती. आईच्या वेळी चूल गेली आणि मोरीत धुण्याचा सोडा आला. आईचे हात पावसाळ्यात फाटायचे. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा, त्यात खोबरेल भरून ती झोपायची, आणि सकाळी पुन्हा बादली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. हात फाटणं हा तिच्या लेखी पावसाळ्याचाच एक भाग होता.

माटुंग्याला यूडीसीटीमध्ये मी तेलं, चरबी आणि साबण यांची शाखा घेतली ती काही आईच्या हातांचा विचार करून नव्हे. गुण होते, प्रवेश मिळाला. वर्गात आम्ही तिघी मुली. ही संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली, आणि त्याच साली मुंबईची पदवी घेतलेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात उभी होती. सी. व्ही. रामन यांनी तिला मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर तिला घेतलं. या कमलाबाई सोहोनींकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझ्या धंद्यात त्या मला फार वेगळ्या ठिकाणी भेटल्या.

नोकरी लागली ठाण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात. डोंबिवलीहून सकाळची लोकल, मग कंपनीची बस. कामगार मला बाई म्हणत, पुढे मॅडम म्हणू लागले. मला बाईच बरं वाटायचं. शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं ते होतं. साबणानंतर मी शाम्पूवर आले आणि तिथे मिठाशी गाठ पडली.

ज्यांनी शाम्पू बनताना पाहिला नाही त्यांना हे नवल वाटेल, पण शाम्पूचा दाटपणा बऱ्याचदा साध्या मिठाने आणतात. फेस देणारं जे द्रव्य असतं त्याचे रेणू पाण्यात एकत्र येऊन बारीक गोळ्या करतात. मीठ घातलं की गोळ्या लांबत जाऊन त्यांच्या शेवया होतात, शेवया एकमेकींत गुंततात आणि मिश्रण मधासारखं दाट होतं. पण एका टप्प्यापुढे मीठ पडलं की त्या शेवयांना फाटे फुटू लागतात, गुंता सैल होतो आणि दाट झालेलं सगळं पुन्हा पातळ. कागदावर त्याचा आलेख काढला तर डोंगर दिसतो. चढणीवर असताना आणखी मीठ म्हणजे आणखी दाट. शिखर ओलांडलं की आणखी मीठ म्हणजे आणखी पातळ. नुसतं डोळ्यांनी बघून आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते कळत नाही. त्यासाठी वाटीभर नमुना घेऊन, त्यात चिमूटभर मीठ घालून आधी बघावं लागतं.

पाच टनांची टाकी होती. नवा सुगंध घालून पहिली मोठी चाचणी, आणि ती रात्रपाळीत लागली. सुगंधाने मिठाचा डोंगर सरकतो, त्यामुळे त्या रात्री तिथे मी असणं गरजेचं होतं. पण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कारखान्यात काम करता येई. मी दोन पानी सूचना लिहून टाकीशेजारी चिकटवली. मीठ किती, कसं, दर खेपेला किती वेळ थांबायचं, सगळं. ऑपरेटर चांगला होता, पण रात्री दोनला मिश्रण हवं तसं दाट होईना तेव्हा त्याने त्याला सुचलं ते केलं, आणखी अर्धं पोतं मीठ टाकलं. सकाळी मी झाकण उघडलं तेव्हा टाकीत ताक होतं.

पडलेलं मीठ परत काढता येत नाही. बिनमिठाची नवी मिश्रणं करायची आणि प्रत्येकात ते ताक थोडं थोडं जिरवायचं, एवढा एकच उपाय. तीन आठवडे लागले. अहवालात लिहिलं गेलं की चाचणीच्या वेळी जबाबदार रसायनतज्ज्ञ हजर नव्हती. ते खरं होतं. ती का हजर नव्हती, ते लिहायला रकाना नव्हता. दोन वर्षांनी उत्पादनाकडची बढतीची जागा निघाली, तेव्हा पाळ्यांचा अनुभव नाही म्हणून माझा अर्ज बाजूला ठेवला गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि आज इतक्या वर्षांनीही ते वाईट वाटणं चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. कायदा ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांपुढे गिरण्यांमध्ये पिळून निघणाऱ्या बायका होत्या, हे मला समजतं. पण राखण करायची म्हणून घातलेलं कुंपण बाईच्याच पायांत येतं, हेही मी भोगलं आहे. पुढे न्यायालयांत दाद मागितली गेली, राज्याराज्यांत नियम बदलले, महाराष्ट्रातही सुरक्षेच्या अटी घालून रात्रपाळी खुली झाली. तोवर माझ्या नोकरीचा बहुतेक काळ दिवसाउजेडी संपत आला होता.

त्या नाकारलेल्या जागेमुळे मी संशोधन विभागातच राहिले, आणि कपडे धुण्याच्या पावडरचं काम माझ्याकडे आलं. बाजार तेव्हा उलथापालथ झालेला होता. अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी, जे स्वतः प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ होते, १९६९ मध्ये घराच्या अंगणात सुरू केलेली निरमा एव्हाना घरोघर पोचली होती, आणि स्वस्त पावडर करणं प्रत्येक कंपनीला भाग पडलं होतं. स्वस्त पावडरचा हिशोब सोपा असतो. मळ काढणारं मुख्य द्रव्य, ज्याला धंद्यात सगळे ॲसिड स्लरी म्हणतात, ते महाग. धुण्याचा सोडा स्वस्त. सोडा पाण्याचा जडपणाही कमी करतो, म्हणून पिशवीत सोडा वाढत जातो.

१९८७ च्या उन्हाळ्यात मला सोलापूरजवळच्या एका गावात पाठवलं. आमची नवी पावडर मुंबईत सगळ्या कसोट्यांना उतरली होती आणि तिकडे कुणी दुसऱ्यांदा घेत नव्हतं. बोअरच्या हपशाजवळ दगडावर बायका धुणं धूत होत्या. मी वही काढून प्रश्न विचारायला लागले, तशी माझ्याच वयाची एक बाई हात न थांबवता म्हणाली, "ताई, तुमी कंदी आमच्या पान्यात कापडं धुतल्यात का?"

नव्हती धुतली. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांचं, पावसाचं, मऊ. आमच्या प्रयोगशाळेच्या नळालाही तेच. मी साडी खोचून तिच्या शेजारी बसले आणि तिच्याच बादलीत आमची पावडर टाकली. फेस आला आणि बघता बघता बसला. आणखी टाकली, तेव्हा कुठे जरा टिकला. पाण्यावर राखाडी साका धरला आणि धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर तोच बसला. म्हणजे ती बाई मुंबईतल्या बाईच्या दुप्पट पावडर वापरत होती, दुप्पट पैसे घालत होती आणि दुप्पट सोडा हाताला लावून घेत होती.

तिने हात पुढे केले. मी ते नीट बघितले. नखांच्या कडा झिजलेल्या, बोटांच्या टोकांवरची कातडी कागदासारखी चकचकीत, रेषा पुसट झालेल्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात उभी चीर, कडा पांढऱ्या. "मिर्ची वाटली की रातभर आग व्हती बगा," ती म्हणाली. माझ्या आईचे हात पावसाळ्यात फाटायचे. हे वैशाखात फाटले होते.

दोन प्लास्टिकचे कॅन भरून मी ते पाणी रेल्वेने आणलं. प्रयोगशाळेत ते तपासलं. पाण्याचा जडपणा मोजताना द्रावण आधी दारूसारखं लाल असतं आणि मोजमाप पुरं झालं की एका थेंबाला निळं होतं. मुंबईच्या नळाचं पाणी ब्युरेट उघडताच निळं व्हायचं. ते सोलापूरचं लाल राहिलं, राहिलं, ब्युरेट पुन्हा भरावी लागली. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या पुढे आकडा गेला. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्या हाताखालची कुठलीही पावडर नळाच्या पाण्यात उतरली म्हणून उतरली असं धरायचं नाही. कॅनमधलं पाणी संपल्यावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड तोलून आम्ही तसंच पाणी बनवायला लागलो.

मग सोड्यावरून भांडण सुरू झालं. माझं म्हणणं असं की सोडा कमी करावा, स्लरी थोडी वाढवावी आणि जड पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारं फॉस्फेट घालावं. पाकिटामागे काही पैशांचा फरक पडणार होता. बैठकीत मला विचारलं गेलं की मऊ हातांसाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजेल याला पुरावा काय. माझ्याकडे पुरावा नव्हता, एका बाईचे हात होते. तेव्हा मी पुरावा गोळा केला. कंपनीतल्या सफाई कामगार बायकांच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एक हात एका द्रावणात आणि दुसरा दुसऱ्यात, अशा चाचण्या वर्षभर केल्या. शेवटी मी मागितलं त्याच्या निम्मं मिळालं. ती पावडर बाजारात आली आणि चालली.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या फॉस्फेटसाठी मी इतकी भांडले ते धुण्याच्या पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून नदीत जातं आणि शेवाळाला, जलपर्णीला खत होतं. जगभर तळ्यांवर त्याचा परिणाम दिसलेला होता आणि कित्येक देशांत त्यावर बंधनं येत होती. पुढच्या काही वर्षांत मीच ते कमी करून त्याजागी झिओलाइट बसवण्यावर काम केलं. हात वाचवताना मी नदीकडे पाहिलं नव्हतं. जलपर्णीने हिरवीगार झालेली उल्हास नदी गाडीतून दिसली की आजही मी खिडकीतून तोंड फिरवत नाही, बघते. सगळं फॉस्फेट पावडरमधूनच येत नाही, सांडपाणी असतं, शेतातली खतं असतात. पण माझाही त्यात वाटा आहे.

आता कमलाबाई. केंब्रिजमध्ये १९३९ साली डॉक्टरेट, बटाट्यातल्या सायटोक्रोम-सी वरचं काम, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद, हे सगळं पुष्कळांनी लिहिलं आहे. दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या बहीण, हेही मराठी वाचकाला ठाऊक असतं. मला त्या भेटल्या 'कीमत' नावाच्या एका साध्याशा मासिकात. मुंबईतल्या काही स्त्रियांनी १९६६ मध्ये कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ग्राहक संरक्षण कायदा यायला तेव्हा वीस वर्षं होती. कमलाबाई तिच्यात रमल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या, आणि 'कीमत'मध्ये ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. आमच्या कंपनीच्या वाचनालयात ते मासिक यायचं. बाहेरचे लोक आपल्या मालाबद्दल काय म्हणतात, ते कळावं म्हणून मागवत असत.

मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचायचे आणि फार वेळ विचार करत बसायचे. रामन यांच्या दारात उभी राहिलेली बाई, एवढं शिकून, एवढी पदं भूषवून, उतारवयात दुकानातल्या पाकिटाकडे वळली होती. आम्ही कारखान्याच्या आत बसून वडी बनवत होतो आणि बाहेर कुणी तरी ती वडी हातात घेऊन त्यात खरं काय आहे ते बघत होतं. काही सहकारी त्या मासिकाकडे संशयाने पाहत. मला मात्र आमच्या अंतर्गत अहवालांपेक्षा ते जास्त जवळचं वाटे. मामांच्या जिभेचं काम तिथे कुणी तरी छापून करत होतं.

आजही मी दुकानात वडी उचलली की आधी पाठ वाचते. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ७६ टक्के एकूण स्निग्धांश लागतो, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. त्याखाली गेलं की बऱ्याचदा पाठीवर 'टॉयलेट सोप'ऐवजी 'बेदिंग बार' असे शब्द असतात. पुढच्या बाजूला चेहरा, फुलं, दुधाची धार असते. हे दोन शब्द मागे बारीक अक्षरांत. शेजारची कुणी बाई बरोबर असली की मी तिला ते बोट ठेवून दाखवते. काहींना तो आगाऊपणा वाटत असेल.

नाव कुठेच नसतं, त्याचं मला कधी दुःख झालं नाही. पुस्तकावर लेखकाचं असतं, साडीवर निदान गावाचं असतं, पैठणी, इरकल. पावडरच्या पिशवीवर कंपनीचं. पेटंटांवर माझं नाव दोनदा आलं, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. पण एखाद्या परक्या गावात दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले की मला वाटायचं, यातलं काही तरी माझ्या हातून गेलं असेल. तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी निवृत्त सहकाऱ्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं. साबणाचे जुने पॅन केव्हाच निघाले. आता सगळं अखंड चालतं आणि मोकळी अल्कली पडद्यावर दिसते. पावडरच्या प्रयोगशाळेत एक मुलगी होती, पंचविशीची, रात्रपाळी संपवून घरी जायच्या बेतात. साताऱ्याकडची. आठवड्यातून दोन रात्री ती एकटी पूर्ण लाइन बघते. तिने मला नव्या मालाच्या कसोट्या दाखवल्या. ओट्यावर तीन कॅन ओळीने होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'नळ', दुसऱ्यावर 'दिल्ली', तिसऱ्यावर 'सोलापूर'.

"हे जड पाणी, मॅडम," ती म्हणाली. "कृती वहीत आहे, आम्ही इथेच बनवतो. पण सोलापूरच का म्हणतात, ते इथे कुणालाच माहीत नाही."

तिची बस सुटायला वीस मिनिटं होती. मी स्टूल ओढून बसले आणि तिला त्या हातांबद्दल सांगायला लागले.